पेवात आधी कंदील

एकदा शिरगणतीचे मास्तर घरी आले. रकाने भरता भरता त्यांनी विचारलं, "ताई, आपण काय करता?" मी म्हटलं, "लोकांच्या वेबसाइटी सर्च इंजिनात वर आणते." मास्तरांचं पेन थांबलं. "वर म्हणजे कुठं?" मी समजावून सांगायला लागले. चहा झाला, पोहे झाले. शेवटी त्यांनी माझ्याकडे दयेनं बघत "गृहिणी" असं लिहिलं आणि सही घेऊन गेले.

त्यांचा तरी काय दोष! ज्या धंद्यात माझं आयुष्य गेलं त्याला मराठीत धड नाव नाही. सांगलीच्या माणसाला मात्र तो दोन वाक्यांत कळतो, कारण आमच्याकडे मार्केट यार्ड आहे. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, आणि दोघांची गाठ घालून देणारा अडत्या मधल्या मधे आपली अडत घेतो. मी इंटरनेटवरची अडत्या. परदेशातलं एक दुकान मसाले आणि स्वयंपाकाची पुस्तकं विकायचं. माझ्या पानावरच्या दुव्यावर बोट दाबून कुणी तिकडे गेलं आणि काही घेतलं, की दुकान मला टक्केवारी द्यायचं. दुकान मी कधी पाहिलं नाही, गिऱ्हाईकही नाही. आता प्रश्न उरतो तो गिऱ्हाईक माझ्या पानावर येणार कसं? ते सर्च इंजिनात शब्द टाकणार आणि यादीत जे वर दिसेल त्यावर जाणार. म्हणून वर दिसणं हेच सगळं. माझी रोजीरोटी त्या "वर"वर होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका साखर कारखान्याच्या ऑफिसात कायम नोकरीला होते आणि कोरेगावात खोली घेऊन राहत होते. आमचं घराणं मूळचं माण तालुक्यातलं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर दुष्काळाला कंटाळून सांगलीला हमालीला आले. वडील, म्हणजे आबा, त्यांनीही जन्मभर हळदीची पोती उचलली. आमच्या सात पिढ्यांत पर्मनंट नोकरी लागलेली मी पहिली. आबांनी माझं नेमणुकीचं पत्र फ्रेम करून घरात लावलं होतं, बुद्धाच्या मूर्तीशेजारी. ती नोकरी बिनपगारी वर्षभराच्या रजेवर टाकून मी सांगलीला परत आले, स्टँडजवळ माडीवर एक खोली घेतली, कॉम्प्युटरचा क्लास काढला आणि रिकाम्या वेळात हळदीची वेबसाइट. आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते असं:

"पर्मनंट नोकरी सोडून अडत्याची हमाली? आन् त्यो अडत्या दिसत बी न्हाई!"

"आबा, अडत्या मीच आहे."

"मग तर लयच अवघड हाय," आबा म्हणाले आणि भाकरी कुस्करायला लागले.

त्या काळचं सर्च इंजिनाचं यंत्र भोळं होतं. पानावर एखादा शब्द जितक्या वेळा येईल तितकं ते पान त्या विषयाचं जाणकार, अशी त्याची समजूत. हे एकदा कळल्यावर मी काय केलं ते आता सांगायला लाज वाटते, पण अनुभव लिहायला बसल्यावर लाज बाळगून कसं चालेल? एका सीडीवरच्या ज्ञानकोशातून आणि दोन पाकपुस्तकांतून हळदीवरचा मजकूर उचलला. त्याखाली दुकानाचे चाळीसेक दुवे ठोकले. आणि पानाच्या तळाशी इंग्रजीत "हळद" हा शब्द शेकडो वेळा लिहिला. पानाचा रंग पिवळा, अक्षरांचा रंगही तोच पिवळा. वाचणाऱ्याला काही दिसायचं नाही, यंत्राला सगळं दिसायचं.

वाईचे एक गुरुजी तेव्हा माझे गिऱ्हाईक होते. परदेशातल्या यजमानांसाठी त्यांना वेबसाइट हवी होती. हीच युक्ती मी मोठ्या तोऱ्यात त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर सारून बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे देवाला ऐकू जावं आणि यजमानाला जाऊ नये असं पुटपुटायचं," ते म्हणाले. "आमच्यात हे करणारे पुष्कळ आहेत हो. त्यांची दक्षिणा फार दिवस टिकत नाही." मी हसले आणि विसरून गेले.

माझं पान मात्र चढलं. एका सकाळी मी "हळद" टाकून बघितलं तर जगाच्या यादीत पहिलं नाव माझं! ज्या फोनच्या लाइनीवरून इंटरनेट यायचं ती परत तुटेल या भीतीनं मी श्वाससुद्धा जपून घेत होते. खाली स्टँडवर कंडक्टर मिरज मिरज ओरडत होता, आणि जगात कुठेही कुणी हळदीबद्दल विचारलं तर उत्तर आमच्या माडीवरून जात होतं. पहिला परदेशी चेक आला तेव्हा बँकेच्या साहेबांनी तो सगळ्या स्टाफला हातात घेऊन बघू दिला. मी आबांना म्हटलं, "बघा!" ते म्हणाले, "बघितलं. दसरा हुंदे." कारण दसऱ्यानंतरच्या सोमवारी माझी रजा संपत होती. त्या दिवशी हजर व्हायचं नाहीतर राजीनामा द्यायचा, असं कारखान्यानं लेखी कळवलं होतं.

दसऱ्याला तीन आठवडे राहिले असताना पान गेलं.

खाली घसरलं असतं तर समजलं असतं. पण ते यादीतच नव्हतं. पहिलं पान बघितलं, दुसरं, पाचवं, विसावं. लाइन तीनदा तुटली, तीनदा जोडली. वेबसाइट जाग्यावर होती, पण तिच्याकडे येणारा रस्ता कुणीतरी उखडून नेला होता. मग मी पहिल्यांदाच त्या सर्च इंजिनाचे नियम वाचले. एवढे दिवस ते तिथेच होते, पण सातबारा कोण कधी शेवटपर्यंत वाचतं? लपवलेली अक्षरं चालणार नाहीत. दुसऱ्याचा मजकूर चालणार नाही. ज्या पानावर टक्केवारीच्या दुव्यांपलीकडे स्वतःचं काही नाही ते यादीत घेतलं जाणार नाही. नियम वाचता वाचता माझे कान तापले. एकेक ओळ माझं नाव घेऊन लिहिल्यासारखी होती.

मी ई-मेलनं तक्रारीचं पत्र पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. उत्तर माणसाचं होतं, यंत्राचं नव्हतं. त्या यादीसाठी काही माणसंही बसून पानं वाचत, त्यांतला हा एक, शेती आणि मसाले बघणारा. त्यानं लिहिलं होतं, "तुमच्या पानावरचे दुवे काढले, उसना मजकूर काढला आणि लपवलेले शब्द काढले, तर काय उरतं ते मी बघितलं. काहीच उरत नाही. खाली पत्ता सांगलीचा आहे. नकाशात पाहिलं, तिथे हळदीचा मोठा बाजार आहे असं कळलं. तुमच्या पानावरून मात्र ते कळलं नाही."

मला संताप आला. सातासमुद्रापलीकडच्या माणसानं मला सांगली शिकवायची! त्याच वेळी आबा डबा घेऊन जिना चढून आले. माझं तोंड बघून म्हणाले, "काय झालं?" मी पत्र वाचून मराठीत सांगितलं, सोबत त्या माणसाला चार शिव्याही दिल्या. आबांनी शांतपणे डब्याचं झाकण उघडलं.

"मग बरोबर हाय की त्याचं."

"आबा!"

"आगं, पोत्यात वरची वंजळभर हळद कुनी बी चांगली भरतं. यापारी काय करतो? लोखंडी नळी पोटात खुपसतो आन् आतला माल भाईर काढतो. मग कांडी मोडून बघतो. वरनं कुनी बी रंग चढवील, मोडल्यावर आत काय हाय ते कळतं. त्यानं तुजं पोतं मोडून बघितलं." त्यांनी भाकरी माझ्यापुढे सरकवली. "आत तूच न्हाईस, तर त्यो काय करंल?"

मी जेवले नाही. आबा निघाले तेव्हा मी चिडूनच म्हटलं, "मग तुम्हीच सांगा हळदीचं काय ते! मी लिहिते."

"मला काय ठावं असायचं," असं म्हणत ते परत खुर्चीत बसले, आणि अंधार पडेपर्यंत बोलत राहिले.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. हा माणूस सव्वीस वर्षं माझ्या घरात होता आणि मला तो माहीत नव्हता. कुठल्या गावच्या हळदीला कसला वास, शिजवताना कच्ची राहिलेली कांडी दोन बोटांत वाजवून कशी ओळखायची, पोतं पाठीवर घेतल्या घेतल्या आतला माल ओला की सुका ते खांद्याला कसं कळतं, सगळं त्यांच्या तोंडून येत होतं. अंगठेबहाद्दर माणूस, पण ज्ञानकोशात नसलेलं एक अख्खं पुस्तक त्यांच्या खांद्यात होतं. मी लिहिता लिहिता मधेच थांबून त्यांच्याकडे बघत राहायचे. ते म्हणायचे, "लिव की. दमलीस व्हय?"

मग पेवाचा विषय निघाला. "वेबसाइटींचं पेव फुटलं" असं आता पेपरात लिहितात. लिहिणाऱ्यांनी पेव पाहिलेलं नसतं. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत तीन पुरुष, म्हणजे तीन माणसांच्या उंचीएवढे, खोल खड्डे असत. तोंड माणूस कसाबसा सरकेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. आतून सारवून, पाला लावून त्यात हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं किडा लागत नाही. पण कोंडलेल्या पोटात हवा मरते. म्हणून पेव उघडलं की रीत अशी की आधी दोराला बांधून कंदील सोडायचा. तो तळाशी तेवत राहिला तरच माणूस उतरायचा.

"आणि विझला तर?" मी विचारलं.

आबा उठले. "उद्या सांगतो," म्हणाले आणि गेले.

आमच्या घरात खुंटीवर एक कंदील होता. लहानपणी वीज गेली की मी तो काढायला धावायचे आणि आबा ओरडायचे. चिमणी लावा, मेणबत्ती लावा, पण त्या कंदिलाला हात लावायचा नाही. म्हातारपणाचा हट्ट ऐन तरुणपणी कसा आला, म्हणून आई त्यांना चिडवायची. दुसऱ्या दिवशी आबा माडीवर आले ते तो कंदील घेऊनच. टेबलावर ठेवला आणि बोलायला लागले.

ते बाविशीत होते तेव्हाची गोष्ट. शिरपा म्हणून त्यांचा जोडीदार होता, दोघांची जोडी दोरावर ठरलेली. एका सकाळी पेव उघडलं. माल न्यायला ट्रक येऊन उभा, अडत्या घाई करत होता. कंदिलात रॉकेल नव्हतं. कुणीतरी म्हणालं, आणायला धाडू. अडत्या म्हणाला, कालच्याला शेजारचं पेव उघडलं, काय झालं का? उतरायची पाळी आबांची होती. "शिरपा म्हनला, गड्या, तू दोर धर, मी जातो आदी. माजी बायकू माह्यारी हाय, तुजी वाट बघत बसली आसंल. असं हसत म्हनला. खाली ग्येला. एक डाव वरडला, 'लय गरम हाय रं!' मग दोर ढिला पडला."

आबा त्याच्यामागे उतरायला निघाले तेव्हा चार जणांनी त्यांना कमरेला धरून ठेवलं. कुणीतरी पळत जाऊन शेजारच्या घरातून पेटता कंदील आणला. तो सोडला तर अर्ध्या वाटेतच विझला.

"कंदील दोनशे पावलांवर व्हता बग," आबा म्हणाले. "दोनशे."

त्यानंतर आबांनी स्वतःचा कंदील घेतला आणि स्वतःचं रॉकेल. जन्मभर कुठल्याही पेवावर त्यांनी दुसऱ्याच्या कंदिलावर विश्वास ठेवला नाही. उतरायची पाळी त्यांची होती आणि हा कंदील कशासाठी, हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी त्यांच्यासमोर रडले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पान लिवताना नाव घाल त्याचं. तेवढं कर."

मी पान मोडून नवं केलं. पिवळ्यावरची पिवळी अक्षरं पुसली, उसना मजकूर काढला. चाळीस दुव्यांतले दोन ठेवले. आबांनी विचारलं, "हितं तुला अडत मिळती हे लिवलंय का?" मी म्हटलं, तसं कुणी लिहीत नाही. "अडत्यानं अडत सांगून घ्यावी," ते म्हणाले. मग दुव्यांच्या वर तेही लिहिलं. आबांनी सांगितलेलं सगळं माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत घातलं. पेव, कंदील, शिरपा. दसऱ्याला नऊ दिवस उरले होते. त्या वाचणाऱ्या माणसाला मी पत्र पाठवलं.

रोज सकाळी टपाल उघडायचं, रोज काही नसायचं. आबा काही विचारत नव्हते, पण माझी कारखान्याची छत्री आणि डबा त्यांनी घासूनपुसून दाराशी ठेवला होता. दसरा झाला. सोनं दिलं घेतलं. शनिवारी मी राजीनाम्याचा एक आणि हजर होण्याचा एक असे दोन अर्ज लिहून पर्समध्ये ठेवले. रविवारी सकाळी क्लास बंद असताना सहज लाइन जोडली, तर त्याचं पत्र होतं.

एकच प्रश्न होता. "कंदील विझला तर नंतर किती वेळ थांबतात? हे तुमच्या पानावर नाही. वाचून कुणी उतरला तर?"

मी तशीच घरी पळाले. आबा दाढी करत होते. प्रश्न ऐकून त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "त्यो स्वता उतरलाय कवा तरी," ते म्हणाले. "लिव. जेवायला जायाचं. भाकरी खायाची, पान खायाचं, गप्पा मारायच्या. मग परत कंदील. परत विझला तर परत जायाचं. ज्याला घाई आसंल त्यानं दुसरीकडं हमाली करावी."

मी शब्दशः तसंच लिहून पाठवलं. दुपारी उत्तर आलं. तिकडे तेव्हा पहाट असणार. त्यानं लिहिलं होतं, त्याचे वडील शेतावरच्या विहिरी साफ करायचे आणि उतरण्याआधी मेणबत्ती सोडायचे. ती विझली की तेही जेवायला जायचे. पान यादीत घेतलं आहे.

त्या यादीत प्रत्येक पानापुढे वाचणाऱ्यानं स्वतः लिहिलेली एक ओळ असायची. माझ्या पानापुढे त्यानं लिहिलं होतं, "हळद आणि तिची जमिनीखालची कोठारं. तिथे उतरलेल्या माणसाकडून." माझं नाव नव्हतं, दुकानाचं नव्हतं. ती ओळ मी आबांना जिना चढवून आणून दाखवली. अक्षरांना बोट लावून मी एकेक शब्दाचा अर्थ सांगितला. मग त्यांनी स्वतःच ओळीवरून बोट फिरवलं.

"आन् शिरपा?"

मी सर्च इंजिनाच्या चौकटीत इंग्रजीत शिरपा, हरिपूर, पेव असं टाकलं आणि कळ दाबली. ते यंत्र जगातली सगळी पानं धुंडाळायला निघालं. फोनची लाइन कुरकुरत होती. ज्या माणसाचा फोटो नाही, ज्याच्या मरणाची कुठे नोंद असली तर ती कुणी वाचली नाही, त्याला शोधायला ते निघालं होतं, आणि मी आणि आबा पडद्याकडे बघत होतो. मग उत्तर आलं. एकच पान. आमचं.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली. "हाय की," ते म्हणाले. "सापडला." आणि जरा वेळानं, "आता ह्ये कुनी पुसत न्हाई न्हवं?"

पुसणं किती सोपं असतं हे त्या महिन्यात माझ्याइतकं कुणाला कळलं होतं? तरी मी "नाही" म्हणाले. सोमवारी मी राजीनामा पोस्टात टाकला. पेटीपर्यंत आबा बरोबर आले होते.

पुढे मी पुष्कळ वेबसाइटी वर आणल्या. एका मंगल कार्यालयाच्या मालकाला "इंडिया" शब्दावर पहिला नंबर हवा होता, त्याची समजूत घालण्यात एक उन्हाळा गेला. नियम दरवर्षी बदलले, यंत्र हुशार झालं, माझ्यासारखे चलाख त्याहून हुशार झाले. पिवळ्यावर पिवळं लिहायचा मोह मला नंतरही झाला, आणि एकदोनदा गिऱ्हाइकाच्या दडपणाखाली मी तसं काही केलंही, हे कबूल करते. ती माणसांनी वाचलेली यादी कधीच बंद पडली. ते मसाल्याचं दुकान बुडालं, माझे दोन्ही दुवे मेले. कृष्णेच्या पुरात हरिपूरची बहुतेक पेवं ढासळली. आबाही गेले.

पान आहे. त्यावरून काही मिळत नाही, तरी त्याचं भाडं मी दरवर्षी भरते. महिन्यातून एकदा त्या चौकटीत तेच तीन शब्द टाकते आणि कळ दाबून थांबते. आबांचा कंदील आता माझ्या टेबलावर असतो. पेवात सोडलेला कंदील तळाशी तेवतोय का हे बघताना वरची माणसं जशी गप्प उभी राहत, तशी मी गप्प बसते. मग आमचं पान येतं. अजून तरी विझलेला नाही.